गालिच्याला दर पावसाळ्यात कुबट वास येतो? आधी त्याची पाठ बघा

पाऊस सुरू होऊन तीनेक आठवडे झाले की हॉलमध्ये एक वास येऊ लागतो. ओलं पोतं बंद खोलीत राहून गेल्यासारखा. आपण खिडक्या उघडतो, धूप घालतो, सोफ्याची कव्हरं धुवायला टाकतो. वास दोन दिवस दबतो आणि परत येतो. मग कधीतरी केर काढताना गालिच्याचा कोपरा उचलला जातो आणि कळतं की वास तिथून येतोय. ऊन पडेल त्या दिवशी गालिचा गच्चीवर न्यायचा, बडवायचा, वाळवायचा, परत अंथरायचा. पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमच्या ठाण्याच्या घरी तीन पावसाळे, तीन वेगवेगळ्या गालिच्यांबरोबर हे झालं. त्याच काळात चिपळूणला माझ्या नणंदेकडेही हीच तक्रार होती. दोन्ही घरांतला वास अगदी सारखा, पण कारणं वेगळी निघाली, त्यामुळे उपायही वेगळे करावे लागले. या सगळ्यात एक गोष्ट मला पक्की पटली. गालिचा घेताना आपण त्याचं तोंड बघतो: रंग, नक्षी, हाताला लागणारा मऊपणा. तो आपल्या घरात टिकणार की कुजणार, हे मात्र त्याच्या पाठीवर आणि धाग्यावर ठरतं. दुकानात गालिचा उलटा करून बघायची सवय लागली तर पुढचे बरेच ताप वाचतात.

ज्यांनी गालिचा आधीच घेतलाय आणि वासाने हैराण आहेत, त्यांच्यापासून सुरुवात करते.

ओल येते कुठून?

वास घालवण्याच्या मागे लागण्याआधी हे शोधायला हवं, कारण खाण्याचा सोडा भुरभुरून वास शोषला जातो, ओल तशीच राहते. शोधायची पद्धत सोपी आहे. गालिचा उचलून ठेवा आणि जागा कोरडी पुसून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. पारदर्शक प्लास्टिकचा दीडेक फुटाचा चौकोनी तुकडा तिथे ठेवून चारही कडांना चिकटपट्टी लावा, आत हवा जाणार नाही अशी. शक्यतो लाद्यांचा सांधा प्लास्टिकच्या मधोमध येईल असं बघा. एक पूर्ण दिवस-रात्र तसंच राहू द्या. त्या दिवशी तिथे लादी पुसायची नाही.

दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, किंवा सांधा गडद झालेला दिसला, तर ओल जमिनीतून वर येतेय. आत कोरडं आणि प्लास्टिकच्या वर दमटपणा असेल, तर हवेतलं बाष्प गार लादीवर बसतंय. रात्रभर एसी चालतो त्या बेडरूममध्ये हे हमखास होतं. सकाळी एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा आत येते आणि गार लादीवर तिचं पाणी होतं. आणि दोन्ही बाजू कोरड्या असतील, तर पाणी आपणच घालतोय.

आमच्या घरी दोन्ही बाजू कोरड्या होत्या. मला वाटलं, चाचणीच चुकली. मग एका सकाळी मी हॉलमध्येच बसले होते आणि मावशी लादी पुसत होत्या. ओलं फडकं गालिच्याच्या कडेपर्यंत यायचं, कडेला घासून पुढे जायचं. रोज, चारही बाजूंनी. त्या गेल्यावर मी कोपरा उलटून बघितला. पाठीवरच्या कापडाला कडेकडेने दोन बोटं रुंद गडद पट्टा होता, हात लावला की थंड लागत होता. आधीच्या दिवशीचं पाणी वाळायच्या आत दुसऱ्या दिवशीचं पाणी येत होतं. उन्हाळ्यात तो पट्टा दुपारपर्यंत वाळत असणार, म्हणून वास नव्हता. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-ठाणे-कोकणात हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वरच असते. त्या हवेत जाड गालिच्याची पाठ वाळणं अशक्यच. मावशींचं काही चुकत नव्हतं, त्या लादी नीट पुसत होत्या. गालिचा रोज उचलला जायला हवा होता, आणि पाच बाय आठचा जड गालिचा एकट्या माणसाला उचलता येत नव्हता, ही खरी अडचण.

तेव्हापासून गालिचा निवडताना माझा पहिला प्रश्न रंगाचा नसतो. लादी रोज ओल्या फडक्याने पुसली जाणाऱ्या घरात गालिचा एका माणसाला गुंडाळून उचलता आला पाहिजे, आणि लादी वाळेपर्यंत ठेवायला एखादी खुर्ची किंवा दिवाणाची कड हवी. परदेशी घरांचे फोटो बघून आपण भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घ्यायला जातो. पण त्यातल्या बऱ्याच घरांत जमीन रोज पाण्याने पुसत नाहीत, आणि कित्येक ठिकाणी पायात बूटही असतात. आपण अनवाणी वावरतो, रोज लादी पुसतो. आपला गालिचा या सवयींना पुरून उरला पाहिजे.

चिपळूणला वेगळाच प्रकार होता. नणंदेचं घर जुनं, बैठं, शहाबादी फरशीचं. प्लास्टिकच्या आत सकाळी चक्क थेंब लटकत होते. तिने अंथरलेल्या गालिच्याची पाठ रबराची होती. तो न घसरणारा आहे म्हणून मुद्दाम घेतलेला. एरवी फरशीतून येणारी ओल हवेत निघून जायची, आता ती रबराखाली अडकून राहिली. गालिचा उचलला तेव्हा फरशीवर त्याच्या आकाराचा काळपट चौकोन होता आणि रबराला काळे ठिपके. अशा जमिनीवर जून ते ऑक्टोबर रबरी किंवा जेलची पाठ असलेलं काहीही घालू नये. मोकळ्या विणीची चटई चालते, पातळ सुती सतरंजी चालते, रोज झटकून खुर्चीच्या पाठीवर टाकली तर. ओलीचं मूळ जमिनीत आहे. ते फरशी उखडून खाली ओलावारोधक थर घातल्याशिवाय जात नाही, आणि तोवर कोणताही गालिचा तिथे सुखाने राहणार नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

एसीच्या खोलीचं त्या मानाने सोपं आहे. सकाळी खिडकी उघडण्याआधी एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटं पंखा चालू ठेवा आणि गालिचा पलंगाच्या कडेवर टाका.

वासावरून थोडं ओळखता येतं

प्रत्येक वास बुरशीचा नसतो. नव्या तागाच्या गालिच्याला गोणपाटासारखा, थोडा रॉकेलकडे झुकणारा वास येतो. ताग कातण्याआधी मऊ करायला त्याला तेल लावतात, त्याचा तो वास. मोकळ्या हवेत आठ-दहा दिवस ठेवला की उतरतो. खरी लोकर ओली झाली की मेंढरासारखा वास येतो आणि वाळली की जातो. तो दोष नाही, उलट लोकर असल्याची खूण आहे. आंबूस, रबरासारखा वास मात्र पाठीला लावलेल्या लेटेक्सचा, म्हणजे रबरासारख्या चिकट थराचा असतो, तो वाढतच जातो. आणि मातकट, घशाला खवखव आणणारा वास बुरशीचा.

बुरशीचे ठिपके दिसत असतील तर गालिचा घरात झटकू नका. उघड्यावर न्या, नाका-तोंडाला रुमाल बांधा, कडक उन्हात दोन्ही बाजू पूर्ण वाळवा, मग ब्रशने झाडा. सुती सतरंजी असेल तर धुवून टाका. लोकरीवर ब्लीच कधीही वापरायचं नाही, त्याने लोकरीचा धागाच विरघळतो.

पाठ वाचायला शिका

दुकानदाराला सांगायचं, "जरा उलटा करून दाखवा." चांगला दुकानदार आनंदाने दाखवतो.

पाठीवर नक्षी जवळजवळ पुढच्याइतकी स्वच्छ दिसत असेल, जवळून छोट्या छोट्या गाठींच्या ओळी दिसत असतील आणि त्या थोड्या वेड्यावाकड्या असतील, तर तो हाताने गाठी मारून विणलेला गालिचा. त्याच्या टोकाच्या दशा वेगळ्या शिवलेल्या नसतात. विणताना जे उभे धागे ताणलेले असतात त्यांचीच ती टोकं असतात. काश्मीर, उत्तर प्रदेशातला भदोही-मिर्झापूरचा पट्टा आणि जयपूर इथे हे काम होतं. भदोहीच्या हातविणीच्या गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या पुण्याच्या येरवडा तुरुंगातही ब्रिटिश काळात असे गालिचे विणले जायचे. या प्रकारात चिकटवलेलं काही नसतं. उभे-आडवे धागे आणि त्यांत बांधलेली लव, एवढंच. त्यामुळे तो धुता येतो, वाळतो, फाटला तर रफू होतो. महाग असतो, पण एका पिढीचा खर्च दोन पिढ्यांना पुरतो.

पाठीवर कापड दिसत असेल, साधारण मांजरपाटासारखं, चारही बाजूंनी चिकटवलेलं, तर तो टफ्टेड. यात लव गाठीने बांधलेली नसते. पिस्तुलासारख्या हत्याराने कापडात धागे खुपसतात, ते निसटू नयेत म्हणून मागून लेटेक्सचा थर देतात आणि त्यावर कापड चिकटवतात. प्रदर्शनात "हँडमेड, प्युअर वूल" म्हणून मिळणारे पुष्कळ गालिचे याच जातीचे असतात, आणि दोन्ही शब्द खरेही असतात. लोकर खरी, काम हाताचं. पण आयुष्य ठरतं लेटेक्सवर. आमचा पहिला गालिचा हाच होता. तिसऱ्या वर्षी उचलला तेव्हा लादीवर तांदळाच्या पिठासारखी बारीक पांढरट भुकटी पसरलेली दिसली. मी ती पुसली, आठवड्याने परत तेवढीच. तो पाठीतला लेटेक्स होता. त्यात खडूची भुकटी भर म्हणून घालतात. लेटेक्स उष्णतेने आणि ओलीने कडक होऊन चुरा होऊ लागला की सगळं सुटून खाली पडतं. यावर घरगुती इलाज नाही. कारागिराकडून पाठ सोलून नवा थर देता येतो. गालिचा महागाचा असेल तरच ते परवडतं. हा प्रकार कोरड्या हवेत, म्हणजे सोलापूर, नगर, नागपूरकडे बऱ्यापैकी टिकतो. किनाऱ्यालगत मात्र मी तो कुणाला घ्या म्हणणार नाही.

पाठ एकसारखी, यंत्राने आखल्यासारखी, कडा शिलाई मारलेल्या आणि हाताला ताठर, तर मशीनचा गालिचा, बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकच्या धाग्याचा. पाठ रबराची किंवा बारीक ठिपक्यांच्या जेलची असेल तर वर सांगितलेली चिपळूणची गोष्ट आठवा.

आणि पाठ-पोट दोन्ही सारखं, लव नाहीच, ती आपली सतरंजी. दुकानात तिला दरी म्हणतील. धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद, तेलंगणातलं वरंगळ, मिर्झापूर ही तिची नावाजलेली गावं. ती उलटून वापरता येते, म्हणजे आयुष्य दुप्पट. पूर्वी लग्नाकार्याला पंगतीला, भजनाला जी जाजमं-सतरंज्या अंथरत, त्या वर्षानुवर्षं टिकत, कारण त्यांत चिकटवलेलं काही नव्हतं आणि कार्य झालं की त्या झटकून, घडी घालून माळ्यावर जात. मला वाटतं, आपल्या हवेला सर्वांत जास्त समजलेला प्रकार हाच आहे, आणि आपण त्यालाच 'साधा' म्हणून बाजूला ठेवतो.

धाग्याची पारख

धागा हवेतलं पाणी किती ओढतो याचे ढोबळ आकडे माहीत असले की निम्मं काम होतं. प्रयोगशाळेत ठरवलेल्या सर्वसाधारण हवेत १०० ग्रॅम कोरडी लोकर १६ ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवते, ताग १३-१४ ग्रॅम, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा) साधारण तेवढंच, कापूस ८, पॉलिएस्टर अर्ध्या ग्रॅमहूनही कमी, पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. पावसाळ्यात पाणी ओढणाऱ्या धाग्यांचे आकडे आणखी वर जातात.

हे बघून लोकर सर्वांत वाईट असं वाटेल, पण तसं नाही. लोकर पाणी धाग्याच्या आत ओढते आणि वरून कोरडी राहते. ताग ही वनस्पती आहे, बुरशीचं खाद्यच. ओला झाला की त्याचा रंग तपकिरी होऊन वर येतो आणि डाग पडतात. आमचा दुसरा गालिचा तागाचा गोल होता, खूप आवडून घेतलेला. त्यावर एकदा पाण्याचा तांब्या लवंडला. पाणी लगेच टिपलं, तरीही वाळल्यावर चहा सांडल्यासारखं वर्तुळ उमटलं, ते कायमचं. ताग कोरड्या खोलीत, भिंतीच्या बाजूला, जिथे पाणी आणि जेवण येत नाही तिथे शोभतो.

काथ्याचं उलट आहे. पारंपरिक पद्धतीत नारळाची सोडणं महिनोन् महिने पाण्यात कुजवून तो काढतात. दारातल्या पायपुसण्याला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. कोकणात आणि केरळात आलेप्पीला तो मुबलक होतो. अनवाणी पायाला मात्र टोचतो, म्हणून तो उंबऱ्याच्या बाहेरच ठेवावा.

आता व्हिस्कोस. याच्याबद्दल सगळ्यात जास्त सावध करावंसं वाटतं. दुकानात त्याला 'आर्ट सिल्क', 'बांबू सिल्क' अशी नावं असतात. हाताला रेशमासारखा, चकाकतो, दिव्याखाली सुंदर दिसतो. पण ओला झाला की या धाग्याची ताकद जवळपास निम्मी होते. त्यावर नुसतं पाणी सांडलं तरी लव चपटी होऊन पिवळसर डाग पडतो, आणि पुसलं तर धागे तुटून केस विस्कटल्यासारखी जागा होते. आमच्या तिसऱ्या गालिच्यावर पाहुण्यांचा कप कलंडला आणि मी नेहमीप्रमाणे ओल्या फडक्याने घासून पुसलं. डाग चहाचा पडलाच, पण घासल्याची खूण त्याहून मोठी पडली. लहान मुलं, जेवणं, पाहुणे असलेल्या घरात व्हिस्कोस घेऊ नका. कुणी भेट दिला तर पाय न पडणाऱ्या जागी अंथरा.

दुकानात सांगितलेला धागा खरा आहे का, हे घरी तपासता येतं. लव असलेल्या बाजूचा एक धागा मागून घ्या. दशेचा नको, लोकरीच्या गालिच्याच्या दशाही बहुतेक वेळा सुती असतात. स्टीलच्या ताटलीवर, चिमट्यात धरून काडीपेटीने टोक पेटवा. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत आपोआप विझली आणि राहिलेली काळी गोळी बोटांत चुरगळली, तर लोकर. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख, तर कापूस, ताग किंवा व्हिस्कोस. वितळून आक्रसला आणि कडक मणी झाला, तर कृत्रिम धागा. मणी गार होईपर्यंत हात लावू नका, चटका बसतो. कापूस की व्हिस्कोस हे कळायला दुसरा धागा पाण्यात बुडवून ताणायचा. कापूस ओला झाल्यावर अधिकच घट्ट होतो, व्हिस्कोस पटकन तुटतो.

पॉलिप्रॉपिलीनला लोक उगीच नाकं मुरडतात. पाणी धरत नाही, बुरशीला खायला देत नाही, बाल्कनीत चालतो, धुवून कठड्यावर टाकला की तासाभरात वाळतो. त्याच्यावर बसलेली धूळ आणि पायाचं तेल मात्र बुरशीला पुरतं, म्हणून तोही झटकावाच लागतो. तेलाचा डाग त्यावर चिकटून बसतो आणि जड सोफ्याखाली लव कायमची बसते. आणि त्याच्याजवळ इस्त्री, समई, उदबत्ती नको. साधारण १६० अंश सेल्सिअसला तो वितळतो. तापलेल्या इस्त्रीचं तळ त्याहून गरम असू शकतं.

बाकीच्या तक्रारी

घसरणं. चकचकीत व्हिट्रिफाइड लादीवर हलका गालिचा पायाखालून सरकतो. आमच्या सासूबाईंचा पाय एकदा असाच गेला, भिंत जवळ होती म्हणून सावरल्या. त्या दिवशी घरातले सगळे छोटे सुटे तुकडे मी काढून टाकले. गालिच्याखाली रबराची जाळी घालता येते, चारही बाजूंनी इंचभर आत कापून. ती घन रबरी पाठीपेक्षा बरी, कारण तिच्या भोकांतून हवा खेळते. ओल्या लादीवर मात्र जाळीही घसरते. वॉकर किंवा काठी वापरणारं माणूस घरात असेल तर त्यांच्या जाण्या-येण्याच्या वाटेवर गालिचा नकोच. पॉलिश केलेल्या संगमरवरावर जाळी महिनोन् महिने ठेवली तर तिची नक्षी दगडावर उमटते, अधूनमधून उचलत राहा.

केस गळणं. नवा लोकरीचा गालिचा पहिले काही महिने लव सोडतो, ते कातताना राहिलेले आखूड केस. आठवड्यातून दोनदा लवेच्या दिशेने झाडा, कमी होत जातं. वर्षभराने तेवढंच गळत असेल तर माल हलका आहे.

कोपरे वळणं. उलट्या बाजूने गुंडाळून एक रात्र ठेवा.

रंग लादीला लागणं. घेण्याआधी पांढरा ओला रुमाल कोपऱ्यावर अर्धा मिनिट दाबून धरा. रुमाल रंगला तर घेऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवून पक्का होईल, असं बरेच जण सांगतात. रंगवून झालेल्या मालावर मिठाने काही होत नाही.

टक्कल पडल्यासारख्या जागा, त्याही सोफ्याखालच्या बाजूला. ही कसर. तिच्या अळ्या लोकर खातात आणि त्यांना अंधार, धूळ आणि कुणी न हलवणं आवडतं. गालिचा सहा महिन्यांनी फिरवून टाका, सोफ्याखालची बाजू बाहेर येईल अशी, आणि उन्हात दोन्ही अंगांनी तापवा.

शिंका. घरात दम्याचा त्रास असणारं कुणी असेल तर लवेचा गालिचा टाळलेला बरा. धुळीतले सूक्ष्म किडे दमट हवेतूनच पाणी शोषतात, आपल्याकडे त्यांना बारा महिने सोय आहे. धुता येणारी सतरंजी घ्या.

हळदीचा डाग. साबण लावला की तो लाल होतो आणि आपण घाबरतो. हळद क्षारात लाल होते, एवढंच. सुती सतरंजी असेल तर धुवून डागाची बाजू उन्हाकडे करून वाळवा. हळदीचा रंग उन्हात विटतो, दोन-तीन उन्हांत बहुतेक उतरतो. लोकरीला सौम्य द्रव साबण, गार पाणी, आणि टिपून घ्यायचं, घासायचं नाही.

माप

दुकानात चार बाय सहा मोठा दिसतो आणि घरी सोफ्यापुढे टाकला की पायपुसण्याएवढा वाटतो. घरीच वर्तमानपत्रं पसरून, चिकटपट्टीने जोडून तेवढा आकार करा आणि दोन दिवस त्याच्यावरून वावरा. सोफ्याचे निदान पुढचे पाय गालिच्यावर येतात का, मुख्य दार उघडताना खालून अडकतं का, मावशींना उचलायला कुठून सोपं पडेल, हे सगळं कागदावरच कळतं. दारासाठी जमीन आणि दार यांच्यातली फट पट्टीने मोजा. गालिच्याची जाडी त्याहून कमी हवी.

आमच्याकडे आता काय आहे

जूनच्या पहिल्या आठवड्यात लोकरीचा हातविणीचा चार बाय सहा उन्हात दोन दिवस तापवून, झटकून, गुंडाळून जुन्या सुती चादरीत बांधला जातो. घडी घालायची नाही, घडीवर धागे तुटतात. प्लास्टिकमध्ये बांधायचा नाही, आत राहिलेली ओल आतच फिरते. तो माळ्यावर भिंतीला न टेकता फळीवर राहतो. त्याच्या जागी दोन पातळ सुती सतरंज्या येतात, आळीपाळीने. एक अंथरलेली, एक धुतलेली. त्या आमच्या वॉशिंग मशीनमध्ये मावतात, हे बघूनच घेतल्या. लादी पुसायच्या आधी मावशी सतरंजी उचलून खुर्चीवर टाकतात, पंखा लावतात, आणि अर्ध्या तासाने मी ती परत अंथरते. स्वयंपाकघरात ओट्यापुढे जुन्या साड्यांची विणलेली सतरंजी आहे, ती तर रोज धुता येते. नणंदेने चिपळूणला पावसाळ्यापुरती प्लास्टिकची मोकळ्या विणीची चटई घेतली, आणि फरशीचं काम तिने पुढच्या उन्हाळ्यात काढलंय.

ऑक्टोबरचं ऊन कडकडीत पडलं, दिवाळीची साफसफाई निघाली की लोकरीचा गालिचा खाली येतो. अंथरण्याआधी तो गच्चीत पूर्ण उलगडून, पाठ वर करून, मी गाठींच्या ओळींवरून बोट फिरवत एकदा सगळा बघते. कुठे कसरीची जाळी, कुठे सुटलेली गाठ. गेल्या वर्षी एका कडेला दोन गाठी सुटल्या होत्या, रफूवाल्याने तिथेच बसून पंधरा मिनिटांत बांधून दिल्या.